अकराव्या ओळीतला आकडा

तक्त्यात तेरा ओळी होत्या. पहिल्या सात ओळींत दोन्ही गाड्या सारख्याच होत्या, आठ ते दहा या तीन ओळींत दुसरी गाडी सरस होती आणि अकरा ते तेरा या तीन ओळींत पहिली. प्रत्येक ओळीला तिच्या महत्त्वाप्रमाणे गुण होते आणि सगळ्या गुणांची बेरीज शंभर होती. ज्या ओळीत जी गाडी सरस, तिला त्या ओळीचे गुण. सारख्या असतील तर दोघींना. त्याने अकराव्या ओळीतला चौदा खोडरबराने पुसला आणि तिथे तीन लिहिले. मग आठव्या ओळीतला सात पुसून अठरा केला. बेरीज पुन्हा करून पाहिली. शंभर.

शुक्रवारी, पहिल्यांदा तक्ता केला तेव्हा, पहिल्या गाडीला त्र्याऐंशी गुण मिळाले होते आणि दुसरीला पंचाहत्तर. आता पहिलीला बहात्तर होते, दुसरीला शहाऐंशी. त्याने खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा केला, खिडकीबाहेर झटकला आणि पेन्सिल कानावर ठेवली. बैठकीच्या खोलीत आबा वर्तमानपत्राची घडी घालत असल्याचा आवाज आला.

गाड्या म्हणायला दोन, पण खरं तर एकाच गाडीचे ते दोन प्रकार होते. किंमत सारखी, रंग सारखा, इंजिन तेच. पहिलीत गिअर हाताने टाकायचे होते, पण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल होतं, मागच्या काचेला वायपर आणि पुढे धुक्याचे दिवे. दुसरीत यातलं काही नव्हतं. त्याऐवजी गिअर आपोआप पडत होते, मोठा पडदा होता आणि मागे कॅमेरा. गाडी ताईसाठी घ्यायची होती. ताई परिचारिका होती, धरणाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन बाळंतिणी तपासायची. सहा वर्षं तिने दवाखान्याची जुनी जीप चालवली होती. ती जीप आता भंगारात निघाली होती.

या घरात काहीही विकत घ्यायचं म्हटलं की तक्ता व्हायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने कपडे धुण्याच्या मशीनसाठी पहिला केला, मशीन उत्तम निघालं, आणि तेव्हापासून त्याचं नाव झालं. मावशीने फ्रिज त्याच्या तक्त्यावर घेतला. मामाने सोफा घेतला. मामा तर स्थळांचासुद्धा तक्ता करून दे म्हणत होता, पण मामीने डोळे वटारले. आता तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला होता, तिथे दिवसभर आकडे लिहायचा, त्यामुळे त्याचा शब्द घरात आणखीच वजनदार झाला होता.

काल शोरूममध्ये ताईने गाडीच्या माहितीपत्रकावर बोट ठेवून विचारलं होतं,

"हे स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणजे ब्रेक लागल्यावर चाकं अडकत नाहीत, तेच ना?"

"ते दोन्हींत आहे मॅडम," विक्रेता म्हणाला. "हे वेगळं. पण खरं सांगू का, हे आहे की नाही ते तुम्हाला वर्षभरात कळणारसुद्धा नाही. ऑटोमॅटिकचा आराम रोजचा."

ताईने मान वळवून धाकट्या भावाकडे बघितलं.

"काय हो शास्त्रज्ञ? मला लागेल का ते? मला कळेल असं सांग."

त्याला ते नेमकं सांगता आलं असतं. दोन दिवस त्याने तेच वाचलं होतं. स्टिअरिंग किती वळवलं आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, यांची ते यंत्र सतत तुलना करतं. दोन्हींत तफावत पडली, म्हणजे गाडी घसरायला लागली, की माणसाला कळायच्या आत चारांपैकी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला वाटेवर आणतं. समोर दुसरी गाडी नसताना वळणावर घसरून होणारे अपघात त्याने पुष्कळ कमी होतात. ताईच्या स्कूटरवर मागे बसून तो त्या रस्त्याने गेला होता. सव्वीस किलोमीटरांत त्याने एकतीस वळणं मोजली होती. खाणीचे ट्रक प्रत्येक वळणावर बारीक खडी सांडत जात, आणि कठडा होता कुठे कुठेच.

"ताशी चाळीसने जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही," तो म्हणाला होता.

"बघा, सरसुद्धा तेच म्हणतायत," विक्रेता म्हणाला.

त्याला 'सर' कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि आज सकाळी तोंड धुताना आरशात पाहिल्यावर खोटं बोलल्यापेक्षा ते बरं वाटल्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

कारण अगदी क्षुल्लक होतं. वाहन चालवण्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. मैदानात एक चढ होता आणि त्यावर पिवळी रेघ. रेघेवर थांबायचं, क्लच हळूहळू सोडायचा आणि मागे न सरकता निघायचं. पहिल्यांदा गाडी मागे येऊन प्लॅस्टिकच्या शंकूवर चढली. दुसऱ्यांदा इंजिन चार वेळा बंद पडलं आणि परीक्षकाने मान वर न करता "पुढचा" म्हटलं. घरी त्याने दोन्ही वेळा सांगितलं की संगणक बंद होता, तारीख पुढे गेली. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीत क्लचच नसतो, आणि तशा गाडीवर परीक्षाही देता येते. मग घरात कुणाला काही कळण्याचा प्रश्न नव्हता.

"झाला का रे?" आबा चष्मा पुसत आत आले.

"झाला."

त्याचे वडील, आबा, छत्तीस वर्षं वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. बाजारातले लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. पारड्याखाली मेण चिकटवणारे, दांडीत शिसं भरणारे, मापाचा तळ खालून ठोकून वर आणणारे, सगळे त्यांनी पकडले होते. आणि संशय आला तरी ते कधी ओरडायचे नाहीत, फक्त शांतपणे "पारडी बदला" म्हणायचे. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. खरा काटा असेल तर काही फरक पडत नाही.

त्यांनी तक्ता वाचला. आधी वरून खाली बेरीज केली, मग खालून वर. मग कागद उचलून खिडकीकडे धरला. अकराव्या ओळीजवळ आणि आठव्या ओळीजवळ उजेड जरा जास्त येत होता.

"हे महत्त्वाचे गुण," ते म्हणाले, "तू गाड्या बघायच्या आधी ठरवलेस की बघून आल्यावर?"

"आधी."

"हं."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"एक करू. गाडी चालवणार ती. गुण तिला देऊ दे."

"तिला कसं कळणार, आबा? तांत्रिक आहे ते."

"तू समजावलंस ना काल तिला? मग झालं तर."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती घरी शिवणकाम करायची; गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"मला मागच्या सीटवर पाय लांब करता आले पाहिजेत. तेवढं लिहा कुठेतरी."

"चौथी ओळ आहे ती," तो म्हणाला.

"मग ठीक आहे."

"अगं, तुझ्या डब्यातली शंभर बटणं दे," आबा म्हणाले. "एकसारखी."

"शंभर घ्या, पण शंभरच परत करा. मागच्या वेळी पत्त्यांना घेतली होतीत, सहा गेली."

ताई अकरा वाजता आली. रविवार असला तरी एका बाळंतिणीकडे जाऊन आली होती, स्कूटरवरून, आणि भुवयांपर्यंत पांढरी धूळ होती. हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन ती टेबलाशी बसली. आबांनी तक्त्यातल्या ओळींची नावं तेरा चिठ्ठ्यांवर लिहून मांडून ठेवली होती. गाड्यांचे रकाने कुठेच नव्हते.

"हे काय, जुगार?"

"ही शंभर बटणं," आबा म्हणाले. "जी गोष्ट तुला जितकी महत्त्वाची, तिथे तितकी ठेव. कालच्या गाड्या विसर. फक्त तुझा रस्ता आठव."

"आणि आमचे शास्त्रज्ञ? त्यांचा तक्ता बाद झाला?"

"बाद नाही. पडताळा घेतोय."

तो खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसला. ताईने बाह्या सरसावल्या. बटणं पांढरी होती, शर्टाची, चार भोकांची. आईच्या चिठ्ठीवर तिने मोठी मूठ ठेवली. "नाहीतर रोज ऐकावं लागेल," असं म्हणाली, आणि आतून आवाज आला, "ऐकू आलं बरं का." गाडी दुरुस्त करण्याचं ठिकाण घरापासून किती लांब, यावर तिने बराच विचार केला. मागच्या काचेच्या वायपरवर सात ठेवली. धुळीमुळे मागचं काही दिसत नाही म्हणाली. मोठ्या पडद्यावर एकही ठेवलं नाही.

"सिनेमा बघायला जाते का मी तिकडे?"

अकराव्या, स्टॅबिलिटी कंट्रोलच्या चिठ्ठीवर तिने दोन बटणं ठेवली. इतक्या पटकन, की ती ठेवली तेव्हा ती चहा पीत होती. मग उरलेली बटणं मोजली आणि ती सगळीच्या सगळी, वीस, आठव्या चिठ्ठीवर सरकवली. गिअर आपोआप.

आबांनी मोजायला घेतलं. वरून खाली, मग खालून वर. मग त्याच्या तक्त्यातले रकाने शेजारी धरून दोन्ही गाड्यांच्या बेरजा केल्या. पहिली गाडी त्र्याहत्तर. दुसरी त्र्याऐंशी.

त्यांनी तक्ता खाली ठेवला. मग चष्मा काढला.

"जुळलं की," ते म्हणाले. "तुझ्यात चौदाचा फरक, हिच्यात दहाचा. गाडी तीच."

त्याने आठव्या चिठ्ठीचा कोपरा सरळ केला.

"कागदावर खोडलेलं दिसलं ना, तर माझ्या मनात शंका आली. सवय वाईट. सगळं आयुष्य लोकांच्या पारड्यांखाली बोटं घालण्यात गेलं, घरातही तेच करायला लागलो." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नकोस. चुकलं माझं."

"नाही, आबा..."

"उद्या सकाळी फोन करून दुसरी नक्की करून टाकतो. त्या विक्रेत्याचं कार्ड माझ्या कोटात असेल."

ते कार्ड आणायला आत गेले. त्यांच्या हाताची ऊब खांद्यावर अजून होती. ताई चहाचा शेवटचा घोट घेत होती.

"सहा वर्षं जीप चालवलीस," तो हळू आवाजात म्हणाला. "गिअरवर वीस कशाला ठेवलीस?"

"पाय दुखतो माझा. क्लचने."

"कधीपासून?"

"तू काय डॉक्टर झालास?" ती हसली. मग आतल्या खोलीकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची बायको माझ्याकडेच तपासायला येते, वेड्या. सातवा महिना आहे. चढावरचं सगळं माहीत आहे मला. शंकूचंसुद्धा."

त्याचे कान तापले. टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी लग्नातला जुना फोटो होता. तो त्या फोटोतल्या माणसांकडे बघत राहिला.

"त्यात काय एवढं? मला जीप शिकताना दवाखान्याचं फाटक गेलं होतं. मी आजारी पडले, कुठे अडकले, तर घरात चालवणारं दुसरं कोण आहे? म्हणून ठेवली वीस. आबांना नाही सांगणार मी."

"आणि इथे दोनच का?"

"कुठे?" तिने मान वाकडी करून चिठ्ठी वाचली. "हे होय. तूच म्हणालास ना काल, उपयोग नाही म्हणून. शून्यच ठेवणार होते. पण तू वाचत होतास ना दोन दिवस ते, म्हटलं असेल काहीतरी."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. आबा कोटाचे खिसे चाचपत असणार. काही न बोलता बसून राहिलं तरी चालणार होतं. तक्ता तपासला गेला होता, काटा खरा ठरला होता आणि तपासणाऱ्याने माफीही मागितली होती. वीस बटणांचा ढीग जरा कलला होता, वरचं एक बटण घसरून चिठ्ठीच्या कडेवर आलं होतं. तो ते बघत होता.

आबा कार्ड घेऊन आले.

"सापडलं. कोटात नव्हतं, चष्म्याच्या डबीत होतं."

"आबा, थांबा," तो म्हणाला. "ती दोन बटणं तिची नाहीत. माझी आहेत."

"म्हणजे?"

"मी काल तिला सांगितलं, त्याचा उपयोग नाही. ते तसं नाही."

ताईने कप खाली ठेवला. "चुकून सांगितलंस?"

त्याने मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही.

"चुकीचं सांगितलंस की खोटं सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दवाखान्यात गोळ्या घेतल्या का विचारताना ती असाच आवाज लावायची.

"खोटं."

आई दारात आली होती. मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

मग त्याने सांगितलं. खाली बघूनच, पण नीट, क्रमाने, काल सांगता आलं असतं तसं. वळणावर खडी असते तेव्हा काय होतं, स्टिअरिंग वळतं पण गाडी सरळ जायला बघते, किंवा मागची चाकं सुटतात. चाळीसनेसुद्धा. उलट बाजूने ट्रक आला आणि चालवणारा दचकला तर जास्तच. त्या वेळी ते यंत्र काय करतं. ते नसेल तर काय उरतं. मग शुक्रवारचा तक्ता सांगितला, चौदा आणि सात. मग परीक्षेचं. दोन्ही परीक्षांचं. संगणक बंद नव्हता.

 संगणक बंद नव्हता म्हटल्यावर आईने फक्त "दोन्ही वेळा?" विचारलं, आणि तो "दोन्ही वेळा" म्हणाला.

"माझ्या त्या सोळाव्या वळणावर," ताई सावकाश म्हणाली, "मागच्या महिन्यात स्कूटर सरकली होती. घरी सांगितलं नाही मी. तुम्ही उगाच काळजी करत बसाल म्हणून." मग त्याच्याकडे बघितलं. "तेव्हा माझ्या पिशवीत एक दिवसाच्या बाळाची कागदपत्रं होती. बाळ नव्हतं, नशीब. पण गाडी आली की बाळं पण असणार आहेत, आया पण. दवाखान्यात आणायला म्हणून तर घेतोय ना गाडी."

"हो."

"हे तुला माहीत होतं."

"हो."

आबांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि चष्मा लावला.

"बदल," ते म्हणाले.

त्याने आठव्या चिठ्ठीवरचं एक बटण उचललं आणि अकराव्या चिठ्ठीवर ठेवलं. मग दुसरं. मूठभर एकदम सरकवता आली असती, पण तो एकेक नेत राहिला. काचेवर बटण ठेवलं की बारीकसा टक आवाज येत होता. पंधरावं ठेवून त्याने पुन्हा हात पुढे केला तेव्हा ताईने उरलेल्या पाचांवर तळहात ठेवला.

"ही राहू देत."

"नको, ताई. सगळी नेऊ दे."

"माझा रस्ता आहे, बटणं माझी आहेत. पाच राहतील."

"मला क्लच शिकायचाच आहे."

"मग शीक. शिकलास की काढू."

तिने हात उचलला नाही. त्याने तिच्या नखांतल्या पांढऱ्या धुळीकडे बघितलं आणि आपला हात मागे घेतला.

आबांनी पुन्हा मोजलं. आधी वरून खाली, मग खालून वर. मग पेन्सिल मागितली. त्याने कानावरची काढून दिली. त्यांनी त्याच्या तक्त्याच्या खाली, कोऱ्या जागेत, सवयीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं:

एकूण बटणं शंभर. पहिली गाडी अठ्ठ्याऐंशी. दुसरी गाडी अडुसष्ट.